झोपलेल्या व्हीएमना कोण उठवतं

माझ्या लॅपटॉपवर एरवी चार व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालू असायच्या. सांगली-मिरज भागातल्या काही छोट्या पतसंस्थांचं संगणकाचं काम मी बघतो, आणि त्या कामाला चारही लागतात. पहिली सेंटओएस ५ ची, हे लिनक्सचं एक जुनं रूप. तिच्यात एका संस्थेची जुनी खतावणी आहे. ते सॉफ्टवेअर नव्या लिनक्सवर चालत नाही, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी मागची वर्षं उघडून दाखवावी लागतात, म्हणून ती मोडीत काढता येत नाही. दुसरी विंडोज १०, डिजिटल सहीच्या टोकनसाठी आणि काही छपाईसाठी. तिसरी डेबियन, म्हणजे लिनक्सचंच दुसरं रूप, नवीन काही बसवण्याआधी करून बघायला. चौथीत के-थ्री-एस, म्हणजे कुबरनेटीसचं (कंटेनर, म्हणजे वेगळ्या वेष्टनात चालणारे प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) छोटं रूप, ते माझ्या शिकण्यासाठी. खालच्या मूळ लॅपटॉपवरही डेबियनच आहे, आणि व्हीएम चालवायला केव्हीएम (कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला भाग), क्यूएमयू (उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि लिबव्हर्ट (या दोघांची मांडणी सांभाळणारं साधन).

यातल्या एकाही व्हीएममध्ये कुणी काही करत नसायचं, तरी पंखा फिरत राहायचा. घरी प्लग लावलेला असताना ते चालून जातं. पण वीज गेलेल्या शाखेत बसून जुन्या नोंदी काढताना बॅटरी डोळ्यांदेखत उतरते, तेव्हा रिकाम्या मशीनवर खर्च होणारा प्रत्येक वॉट दिसायला लागतो. म्हणून मी हा विषय मुळापासून धरला. ज्यांच्याकडे अशाच दोन-चार व्हीएम पडून असतात त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी यंत्रणा समजून घेतली पाहिजे, नाहीतर उपाय आंधळे होतात. गेस्टमधल्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या, ऑपरेटिंग सिस्टिमला काम उरलं नाही की ती ‘हॉल्ट’ ही सूचना देते. खऱ्या मशीनवर त्या क्षणी प्रोसेसरचा कोअर थांबतो. व्हीएममध्ये त्या सूचनेला ताबा गेस्टकडून केव्हीएमकडे येतो, याला एक्झिट म्हणतात. मग होस्ट, म्हणजे खालचा मूळ लॅपटॉप, ठरवतो की या कोअरला दुसरं काम नाही, आणि त्याला झोपवतो. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये या झोपेच्या पायऱ्या असतात, सी१ पासून सी६, सी८, सी१० पर्यंत. जितकी पायरी खोल तितकी वीज कमी, पण तिथपर्यंत पोचायला कोअरला सलग शांत वेळ मिळावा लागतो. झोपलेल्या माणसाला दर सेकंदाला हाक मारून उठवत राहिलं तर तो अंथरुणात आठ तास असला तरी त्याची झोप झालेली नसते. व्हीएमचं तेच होतं. टायमरची टिकटिक आली की गेस्टला उठवा, त्याला इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, द्या, तो पुढचा टायमर लावतो, पुन्हा हॉल्ट करतो. खऱ्या मशीनवर हे सगळं स्वस्तात होतं. व्हीएममध्ये यातल्या बऱ्याच पायऱ्यांवर ताबा गेस्टकडून होस्टकडे आणि परत असा फिरतो.

त्यामुळे प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या ‘टॉप’ या आज्ञेतल्या टक्क्यांकडे बघणं मी लवकरच सोडलं. टक्का फसवतो. लॅपटॉप निवांत असताना प्रोसेसर आपली गती खाली आणतो. तेवढंच काम कमी गतीवर जास्त वेळ घेतं, म्हणून टक्का मोठा दिसतो. उलट गती चढली की तोच टक्का लहान होतो, आणि वीज मात्र जास्त जाते. खरं मोजायचं ते दोन गोष्टींत: सेकंदाला किती वेळा प्रोसेसर जागा झाला, आणि एकूण किती वॉट गेले. पहिल्यासाठी ‘पॉवरटॉप’ आहे, इंटेलने २००७ मध्ये आणलेलं. दुसऱ्यासाठी ‘टर्बोस्टॅट’, जे पॅकेजचे, म्हणजे प्रोसेसरच्या पूर्ण चिपचे, वॉट आणि प्रत्येक सी-स्टेटमध्ये, म्हणजे झोपेच्या पायरीवर, गेलेला वेळ दाखवतं. या दोघांशिवाय या कामाला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर माणूस दहा सेटिंग्ज बदलतो आणि फरक कशाने पडला, पडला की नाही, हेच कळत नाही.

तिसरं हत्यार फार साधं आहे, पण मला सर्वांत जास्त त्यानेच शिकवलं. ‘टॉप’ला मोठ्या एचचा पर्याय दिला की प्रोसेसऐवजी तिच्यातले थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, दिसतात. क्यूएमयूमध्ये प्रत्येक आभासी कोअरचा स्वतंत्र थ्रेड असतो, ‘सीपीयू ०/केव्हीएम’ अशा नावाचा, आणि एक मुख्य थ्रेड असतो जो डिस्क, यूएसबी, पडदा यांची नक्कल सांभाळतो. वेळ कोअरच्या थ्रेडमध्ये जात असेल तर कारण गेस्टच्या आत आहे. मुख्य थ्रेडमध्ये जात असेल तर गेस्ट निर्दोष आहे, आपण त्याला जोडलेलं एखादं आभासी उपकरण त्रास देतं आहे. इथेच अर्धा तपास होतो.

सेंटओएस ५ मध्ये दोन्ही थ्रेड जागे होते, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

तिचा कर्नल २.६.१८. तो सेकंदाला १००० टिकांवर बांधलेला आहे. काम असो वा नसो, प्रत्येक आभासी कोअरला सेकंदाला हजार वेळा टिक येणार. काम नसताना टिक बंद ठेवण्याची सोय लिनक्समध्ये २.६.२१ पासून, म्हणजे २००७ पासून येऊ लागली. हा कर्नल त्याच्या आधीचा. गेस्टमधली इंटरप्ट मोजणारी प्रॉक-इंटरप्ट्स ही फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचली आणि वजाबाकी केली की आकडा समोर येतो. मला तिथे शंकेला जागाच उरली नाही. या पिढीच्या रेड हॅट आणि सेंटओएस कर्नलमध्ये नेमक्या याच अडचणीसाठी एक पर्याय दिलेला आहे. ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘डिव्हायडर=१०’ लिहायचं. टिक हजारावरून शंभरावर येते. शिवाय त्या मशीनला दोन कोअर दिलेले होते. खतावणी बघायला दुसऱ्या कोअरचं काही काम नव्हतं, तो काढून घेतला. दोन्ही मिळून कोअरच्या थ्रेडचा खर्च एकदम खाली आला. इतक्या जुन्या सिस्टिमचा आधार ३१ मार्च २०१७ ला संपला, तिला कुठलंही नवं अपडेट येणार नाही. म्हणून ती माझ्याकडे बाहेरच्या नेटवर्कपासून तोडूनच ठेवलेली असते, हेही इथे सांगून ठेवतो.

मुख्य थ्रेड मात्र तसाच जागा राहिला. त्याचं कारण निघालं यूएसबी टॅब्लेट. लिबव्हर्टमधून मशीन तयार केली की माउस सरळ खिडकीत ये-जा करावा म्हणून एक आभासी यूएसबी टॅब्लेट जोडला जातो. जुन्या यूएचसीआय पद्धतीच्या यूएसबी नियंत्रकात दर मिलिसेकंदाला एक फ्रेम असते. गेस्टने ते उपकरण वापरात ठेवलं की क्यूएमयूला ती प्रत्येक फ्रेम तपासावी लागते, माउसला कुणी हात लावलेला नसला तरी. म्हणजे पुन्हा सेकंदाला हजार जागरणं, आणि तीही होस्टच्या बाजूने. सेंटओएस ५ ला नव्या एक्सएचसीआय नियंत्रकाचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे तो बदलून भागणार नव्हतं. मी टॅब्लेट काढूनच टाकला. त्या मशीनमध्ये मी एसएसएचनेच, म्हणजे दुरून आज्ञा टाइप करत, शिरतो, तिला माउस लागतच नाही. डेबियन आणि विंडोजमध्ये टॅब्लेट ठेवला, पण नियंत्रक एक्सएचसीआय केला. तिथेही मुख्य थ्रेड शांत झाला.

त्याच जुन्या मशीनमध्ये एक सीडी ड्राइव्ह जोडलेला पडला होता. त्या काळच्या सिस्टिममध्ये ‘हाल’ नावाची सेवा दर दोन सेकंदांनी बघते की ड्राइव्हमध्ये नवी चकती आली का. दोन सेकंदांना एकदा हे हजार टिकांपुढे काहीच नाही, पण टिका कमी झाल्यावर अशा बारीक गोष्टी वर येऊन दिसायला लागतात. ड्राइव्ह काढला, सेवा बंद केली.

आता विंडोज. सगळ्यात जास्त वेळ हिने घेतला, आणि सगळ्यात मोठा फरकही इथेच पडला.

विंडोजची मूळ टिक फार वेगवान नाही, साधारण १५.६ मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ६४. तरी तिचा कोअरचा थ्रेड सतत वीस टक्क्यांच्या आसपास होता. ‘केव्हीएम स्टॅट’ हा प्रोग्रॅम लावून बघितलं. त्यात एक्झिट कोणत्या कारणाने होतात ते मोजता येतं. पोर्ट वाचण्या-लिहिण्याच्या एक्झिटचा ढीग दिसला, आणि त्यातल्या बहुतेक थेट क्यूएमयूपर्यंत जात होत्या. याचा अर्थ असा की विंडोजला आपण व्हीएममध्ये आहोत हे नीट सांगितलेलं नव्हतं. ती खऱ्या मदरबोर्डवर असल्यासारखी जुन्या घड्याळांशी बोलत होती. एसीपीआयचा पीएम टायमर काय, एचपीईटी काय, आरटीसी काय, या सगळ्यांची नक्कल क्यूएमयूच्या आत होते. तिथपर्यंतचा प्रत्येक फेरा महाग.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपर-व्हीमध्ये विंडोजला असा त्रास होत नाही, कारण तिथे गेस्ट आणि हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) एकमेकांना ओळखून बोलतात. केव्हीएमला तीच भाषा बोलता येते, फक्त ती चालू करावी लागते. मशीनची मांडणी लिहिलेल्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल फाइलमध्ये हायपर-व्ही नावाचा भाग असतो. नुसतं इन्स्टॉल करून सोडलेल्या मशीनमध्ये बरेचदा त्यातले ‘रिलॅक्स्ड’, ‘व्हीएपिक’, ‘स्पिनलॉक्स’ एवढेच चालू असतात. खरा फरक पाडतात ते पुढचे तीन: ‘व्हीपीइंडेक्स’, ‘सिनिक’ आणि ‘एसटायमर’. शेवटचा म्हणजे कृत्रिम टायमर, जो थेट कर्नलमधल्या केव्हीएममध्ये हाताळला जातो, क्यूएमयूपर्यंत जात नाही. पण तो एकटा चालू होत नाही. त्याला सिनिक लागतो, सिनिकला व्हीपीइंडेक्स. त्याच्या जोडीला घड्याळाच्या भागात ‘हायपरव्ही क्लॉक’ चालू करायचं आणि एचपीईटी बंद ठेवायचं. हे एकत्र केलं तरच साखळी पूर्ण होते. ‘मी अमुक फ्लॅग लावला, काही झालं नाही’ असं सांगणाऱ्या बहुतेकांची साखळी कुठेतरी तुटलेली असते.

दुसरी अट म्हणजे मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायची. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केलं तर क्यूएमयूची तीच प्रोसेस पुढे चालू राहते आणि नवी एक्सएमएल वाचलीच जात नाही. पूर्ण बंद करून सुरू केल्यावर पोर्टच्या एक्झिट जवळजवळ नाहीशा झाल्या आणि थ्रेड तीन-चार टक्क्यांवर आला. पॅकेजचे वॉट उतरलेले त्याच संध्याकाळी टर्बोस्टॅटमध्ये दिसले. इतक्या दिवसांच्या वाचनानंतर तो आकडा खाली जाताना बघून मनापासून आनंद झाला.

उरलेले टक्के विंडोजच्या आतल्या कामांचे होते. रिकामा वेळ मिळाला की विंडोज स्वतःची कामं काढते, आणि आपण तर ती व्हीएम मुद्दामच रिकामी सोडलेली असते. स्वयंचलित देखभालीची वेळ मुळात पहाटे दोनची. ती चुकली तर मशीन निवांत सापडेल तेव्हा सुरू होते. डिफेंडरची तपासणी, शोधाची अनुक्रमणिका, डॉटनेटच्या अपडेटनंतरचं संकलन, ही सगळी त्यातलीच. शोधाची सेवा मी बंद केली, कारण त्या मशीनमध्ये शोधण्यासारखं काही ठेवतच नाही. डिफेंडर मात्र बंद केला नाही. पतसंस्थेची कागदपत्रं जिच्यातून सही होऊन जातात तिथे बॅटरीसाठी ती तडजोड मला मान्य नाही. आणखी एक आज्ञा उपयोगी पडली: ‘पॉवरसीएफजी’ला ‘एनर्जी’ हा पर्याय दिला की ती काही वेळ निरीक्षण करून अहवाल लिहिते, आणि कोणत्या प्रोग्रॅमने टायमरची गती वाढवून मागितली आहे त्याची नोंद त्यात असते. एक ब्राउझर आणि सहीच्या टोकनचा सोबती प्रोग्रॅम त्यात सापडले. टोकन आता काम झालं की काढून ठेवतो, आणि ब्राउझर उघडा सोडत नाही.

यानंतर होस्टकडे वळलो. गेस्टने हॉल्ट केलं तरी केव्हीएम लगेच कोअर सोडत नाही. एवढ्यात परत काम येईल या आशेने थोडा वेळ जागं राहून वाट बघतं. याला हॉल्ट पोलिंग म्हणतात. एक्स८६ वर त्याची कमाल मर्यादा मुळात २,००,००० नॅनोसेकंद, म्हणजे २०० मायक्रोसेकंद असते. सर्व्हरवर हे योग्यच आहे, तिथे उत्तर पटकन जाणं महत्त्वाचं. पण गेस्ट वारंवार उठत असेल तर हे वाट बघणंच प्रोसेसर वापरतं, आणि ते क्यूएमयूच्याच नावावर दिसतं. लॅपटॉपवर मी ही मर्यादा शून्य केली. केव्हीएम मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये ती बदलता येते, आणि कायमची करायची तर मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक ओळ लिहून ठेवायची. बदलल्यावर व्हीएम नव्याने सुरू केलेल्या बऱ्या. माझ्या कामात प्रतिसादाचा वेग कमी झालेला मला तरी जाणवला नाही.

डेबियनची गोष्ट थोडक्यात. तिच्यात ग्नोम, म्हणजे चित्रमय डेस्कटॉप, बसवलेलं होतं. ग्राफिक्स कार्डाची मदत नसलेल्या व्हीएममध्ये पडदा प्रोसेसरनेच रंगवला जातो, मग लुकलुकणारा कर्सर आणि सेकंद दाखवणारं घड्याळसुद्धा महाग पडतं. लॉगिनचा पडदा देखील ग्नोमचाच असतो, तेव्हा नुसतं लॉगआउट करून उपयोग नाही. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचं मुख्य लक्ष्य ‘मल्टी-यूजर’ केलं, ग्राफिक्स गेलं, प्रश्न संपला. व्हर्ट-मॅनेजरची कन्सोलची खिडकीही उघडी ठेवत नाही.

के-थ्री-एससाठी असा एका ओळीचा इलाज नाही, आणि तो नसावाही. कुबरनेटीसचा स्वभावच सतत पाहणी करण्याचा आहे. कुबलेट, म्हणजे मशीनवरचा त्याचा हस्तक, कंटेनरांची यादी साधारण दर सेकंदाला तपासतं. नियंत्रक आपलं नेतेपद दर दोन सेकंदांनी नव्याने नोंदवतात. पॉडच्या, म्हणजे कंटेनरांच्या गटाच्या, तब्येतीची चौकशी लावलेली असेल तर ती मुळात दर दहा सेकंदांनी होते. कुणीही भेट देत नसलेला क्लस्टर म्हणूनच कधी शांत नसतो. तब्येतीच्या चौकशीचं अंतर मी वाढवलं, थोडा फरक पडला. खरा उपाय अभ्यास संपला की तो बंद करणं. इथे एक खाच आहे. सिस्टिमडीमधून के-थ्री-एसची सेवा थांबवली तरी कंटेनर चालूच राहतात. सगळं खाली आणायला त्याच्यासोबत येणारी ‘किलऑल’ ही स्क्रिप्ट चालवावी लागते.

या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त वेळा मिळालेला सल्ला होता, व्हीएमच्या प्रोसेसरवर मर्यादा घाल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी टक्क्यांची पट्टी आहे, लिबव्हर्टमध्ये कोटा आहे. रिकाम्या व्हीएमसाठी हा सल्ला मला पटत नाही. मर्यादा घातल्याने टिका कमी होत नाहीत, जागरणं तेवढीच राहतात. फक्त काम करायची वेळ येते तेव्हा मशीन रेंगाळते, आणि कोअर अधिक वेळ जागा राहतो. वीज वाचवायची तर काम झटक्यात संपवून खोल झोपणं हेच लॅपटॉपला मानवतं. मर्यादा उपयोगी आहे ती बेफाम सुटलेल्या गेस्टसाठी, आणि तो प्रश्न वेगळा.

आणि जी मशीन तासभर लागणार नाही ती चालू तरी का ठेवायची? लिबव्हर्टच्या ‘विरश सस्पेंड’ या आज्ञेने आभासी कोअर जागच्या जागी थांबतात. रॅम अडकलेली राहते, पण टिका शून्य. ‘मॅनेज्डसेव्ह’ने रॅमही डिस्कवर जाते आणि पुन्हा सुरू केल्यावर मशीन त्याच जागेवरून पुढे चालते. मी आता प्लग निघाला की डेबियन आणि के-थ्री-एस सस्पेंड करणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे. विंडोज बहुतेक वेळ मॅनेज्डसेव्हमध्येच असते, सही करायची तेव्हाच उठते.

यात एका गोष्टीला मात्र जपावं लागतं, ती म्हणजे घड्याळ. थांबवलेली मशीन जागी होते तेव्हा तिचं घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं. डेबियनमध्ये क्रोनी आहे, नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम. त्याच्या प्रचलित ‘मेकस्टेप १ ३’ या सेटिंगमध्ये घड्याळ एकदम पुढे सरकवणं फक्त सुरुवातीच्या तीन मोजण्यांपुरतं असतं, नंतर ते हळूहळू ओढत राहतं, आणि दोन तासांचा फरक असेल तर त्याला फार वेळ लागतो. तीनच्या जागी उणे एक लिहिलं की ते केव्हाही एकदम सरकतं. ज्या गेस्टमध्ये क्यूएमयूचा गेस्ट एजंट आहे तिथे होस्टवरून ‘विरश डोमटाइम’ला ‘सिंक’ सांगूनही भागतं. सेंटओएस ५ मधलं त्याच कामाचं जुनं एनटीपीडी याच्या उलट वागतं. फरक १००० सेकंदांपेक्षा मोठा दिसला की ते काही दुरुस्त न करता बंदच पडतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘टिंकर पॅनिक ०’ ही ओळ घालावी लागते. बाहेरचं नेटवर्क तोडलेलं असल्याने त्याला वेळ माझ्या लॅपटॉपवरूनच मिळते.

खतावणीच्या छापील उताऱ्यावर तारीख आणि वेळ उमटते. म्हणून ती मशीन मी सस्पेंड करत नाही. एक कोअर, शंभर टिका आणि जोडलेलं काहीच नाही, अशा अवस्थेत ती आता पॉवरटॉपच्या यादीत खूप खाली सापडते, आणि तिला चालू ठेवणं मला परवडतं.